उपेक्षा : पालीतली आणि घरातली

पत्र : माझे वय सत्तावन्न असून देवगड तालुक्यात माझी हापूसची दीडशे कलमे आहेत. आठ वर्षांपूर्वी मी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आणि तेव्हापासून पहाटे व संध्याकाळी एकेक तास बैठक करतो. सुरुवातीच्या वर्षांत बैठकीत अंगावर रोमांच येत, शरीर हलके वाटे, आनंद मनात मावत नसे. गेले वर्षभर यातले काहीच होत नाही. सुख नाही, दुःख नाही, नुसती शांतता असते. कधी कधी मधला अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही आणि हनुवटी छातीला टेकल्यावर भान येते. यंदा जानेवारीतल्या अवकाळी पावसाने मोहोर करपला, तरी मन हलले नाही. फेब्रुवारीत सासूबाई वारल्या, तेव्हाही मी पडवीत स्वस्थ बसून होतो. त्या रात्री पत्नी म्हणाली, "तुमका कायच कसा वाटणा नाय?" माझ्या एका सहसाधकांच्या मते ही चौथ्या ध्यानातली उपेक्षा आहे. तसे असेल, तर पत्नीचे बोलणे हा तिचा मोह समजावा का? आणि पुढच्या जानेवारीच्या मध्यापासून महिनाभराच्या शिबिराला जाण्याचा विचार आहे, तो योग्य वाटतो का? त्याच सुमारास सासूबाईंचे वर्षश्राद्ध येते, पण ते कार्य पत्नीच्या भावांकडे आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण ते तिन्ही एकाच शब्दावर येऊन टेकतात, म्हणून आधी त्या शब्दाकडे वळतो. मराठीत आपण 'उपेक्षा' म्हणतो तेव्हा दुर्लक्ष, हेळसांड किंवा कानाडोळा एवढेच आपल्याला अभिप्रेत असते. उपेक्षित मूल, उपेक्षित बंदर, उपेक्षित वाडी असे आपण बोलतो आणि प्रत्येक वेळी कोणाची तरी नजर दुसरीकडे फिरलेली असते. पालीतील 'उपेक्खा' हा त्याच घराण्यातला शब्द. 'उप' म्हणजे जवळ आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे, अशी त्याची फोड. म्हणजे शब्द मुळात जवळ जाऊन पाहण्याचा आहे. तुमच्या पत्नींनी तक्रार केली ती मराठी उपेक्षेची, आणि तुमच्या सहसाधकांनी तिला पाली नाव देऊन तुमचा गौरव केला. या दोन माणसांपैकी तुमच्याबरोबर राहते कोण, हे मी निराळे सांगायला नको.

आता ध्यानाविषयी. पत्रावरून एखाद्याच्या मनाची पायरी ठरवणे धाडसाचे असते, तरी तुम्ही विचारलेच आहे म्हणून स्पष्ट लिहितो, की तुम्ही वर्णन केलेली अवस्था चौथे ध्यान आहे असे मला वाटत नाही. बुद्धवचनांच्या दीघनिकाय या संग्रहातील सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रूला चार ध्याने, म्हणजे एकाग्रतेच्या चढत्या पायऱ्या, समजावून सांगताना बुद्धांनी चार दृष्टान्त दिले आहेत, आणि ते दृष्टान्त नीट वाचले तर कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक उलगडा होतो. कामच्छंद म्हणजे विषयांची ओढ, व्यापाद म्हणजे द्वेषबुद्धी, आळस व सुस्ती, चंचलता व पश्चात्ताप आणि शंका हे पाच अडसर मागे पडले की पहिले ध्यान लागते. तेथे वितर्क आणि विचार, म्हणजे मन विषयाकडे वळवणे आणि तेथे धरून ठेवणे, अजून चालू असतात आणि विवेकातून, म्हणजे अलग होण्यातून, उपजलेली प्रीती (पालीत हर्ष या अर्थी) व सुख सगळे शरीर भिजवते. दृष्टान्त आहे तो स्नान घालणाऱ्याचा : तो काशाच्या भांड्यात स्नानचूर्ण घेऊन त्यावर पाणी शिंपडत असा गोळा मळतो, की ओलावा आतबाहेर सर्वत्र पोहोचतो पण थेंबही गळत नाही. आपल्याकडे मोदकाची उकड मळणाऱ्या कोणत्याही बाईला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. हात चालू आहे, जागरूकता चालू आहे, आणि काम अजून संपलेले नाही.

दुसऱ्या ध्यानात हा हात थांबतो. तेथे असा डोह सांगितला आहे, की ज्याला पूर्वेकडून, पश्चिमेकडून, कोठूनही ओहोळ येऊन मिळत नाही आणि वरून पाऊसही पडत नाही. तो तळातल्या झऱ्याने भरतो. विहिरीत उमाळा फुटलेला तुम्ही पाहिला असेलच. तुमचे रोमांच, हलके शरीर आणि मनात न मावणारा आनंद हे या प्रीतीच्या जातीचे अनुभव होते, असे म्हणता येईल; ते पूर्ण ध्यान होते की त्याच्या उंबरठ्यावरचे होते, हे मी ठरवणार नाही. याबाबत साधनापरंपरांतही एकमत नाही. ब्रह्मदेशातील पा-औक परंपरेत निमित्ताचा, म्हणजे एकाग्र मनाला दिसणाऱ्या खुणेचा, प्रकाश स्थिर होऊन चित्त त्यात पूर्ण बुडाल्याशिवाय ध्यान मानत नाहीत, काही आचार्य सुत्तांच्या आधारे त्याहून हलकी अवस्थाही ध्यान मानतात, आणि तुम्ही केलेल्या दहा दिवसांच्या शिबिरात तर भर संवेदना व समता यांवर असतो, ध्यानांची क्रमवारी लावून साधकाला नंबर देण्याची पद्धत तेथे नाही. तेव्हा हा नंबर तुम्हाला सहसाधकांकडून मिळाला, याचे मला आश्चर्य वाटले नाही. साधकांच्या गप्पांत असे नंबर फार स्वस्त मिळतात.

तिसऱ्या ध्यानात प्रीतीही ओसरते, आणि येथे प्रथमच 'उपेक्खा' हा शब्द ठळकपणे पुढे येतो : 'उपेक्खको सतिमा सुखविहारी', म्हणजे उपेक्षायुक्त, स्मृतिमान आणि सुखाने राहणारा. येथे स्मृती म्हणजे आठवण नव्हे, जागे भान. दृष्टान्त पाण्यातच उगवलेल्या, पाण्याबाहेर न आलेल्या, शेंड्यापासून मुळापर्यंत थंड पाण्याने भरलेल्या कमळांचा आहे. चौथ्यात सुखही जाते, दुःखही जाते, आणि जे उरते त्याला 'उपेक्खासतिपारिसुद्धि' म्हटले आहे, म्हणजे उपेक्षेमुळे आलेली स्मृतीची परिशुद्धी. डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ पांढरे वस्त्र पांघरून बसलेला माणूस, ज्याच्या अंगाचा कोणताही भाग वस्त्राविना राहिलेला नाही, असे ते चित्र आहे. तुमच्या सहसाधकांनी 'सुख नाही, दुःख नाही' एवढे दोन शब्द ऐकले आणि चौथे ध्यान म्हटले. वाक्यातला तिसरा शब्द त्यांनी सोडला, आणि सगळे वाक्य त्या तिसऱ्या शब्दासाठी रचलेले आहे. स्मृती परिशुद्ध असलेल्या माणसाला मधला अर्धा तास कुठे गेला हे कळत नाही असे होत नाही. पांढऱ्या वस्त्रातला माणूस जागा आहे. हनुवटी छातीला टेकली की वस्त्र घसरलेले असते.

म्हणजे जे घडते आहे त्याचे साधे नाव थीनमिद्ध, सुस्ती. या नावाने मनाला लावून घेऊ नका. मीही अनेक वर्षे पहाटेच्या डुलकीला समाधी समजून मनातल्या मनात मिरवलो आहे, आणि खुद्द महामोग्गल्लानासारखा शिष्य मगधात बसल्या जागी पेंगत असता बुद्ध तेथे गेले, अशी कथा अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात आहे. त्याला दिलेले उपाय इतके घरगुती आहेत की वाचताना हसू येते : ज्या विचारासरशी पेंग येते त्याकडे लक्ष देऊ नकोस, ऐकलेल्या धर्माचे चिंतन कर, त्याचे पठण कर, कानाच्या पाळ्या ओढ आणि अंग चोळ, तरी पेंग गेली नाही तर ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, दिशा न्याहाळ आणि वर नक्षत्रांकडे बघ, प्रकाशाची संज्ञा मनात धर, येरझाऱ्या घाल, आणि एवढ्यानेही भागले नाही तर उजव्या कुशीवर नीज. तुमच्या खळ्यातून पहाटे चारला जेवढ्या चांदण्या दिसतात तेवढ्या मुंबईच्या साधकाला मिळणार नाहीत. पुढचा महिनाभर पहाटेच्या तासाचे दोन भाग करा : अर्धा तास खळ्यात फेऱ्या, पावलांवर लक्ष ठेवून, आणि मग अर्धा तास बैठक. सुख आले का, गेले का, हे मोजू नका. किती वेळ जागे होतो, एवढेच पाहा.

याला जोडून आणखी एक दृष्टान्त सांगतो, कारण उपेक्षा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे हा गैरसमज त्याने जितका दूर होतो तितका अन्य कशानेही होत नाही. त्याच अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सोनार मुशीत सोने घालून भट्टीवर बसलेला आहे. तो वेळोवेळी फुंकतो, वेळोवेळी पाणी शिंपडतो आणि वेळोवेळी नुसते पाहतो. नुसते फुंकत राहिला तर सोने जळेल, नुसते शिंपडत राहिला तर थंड होईल, आणि नुसते पाहत राहिला तर नीट शुद्ध होणार नाही. या तिसऱ्या, पाहण्याच्या क्रियेसाठी मूळ पाठात जे क्रियापद आहे ते उपेक्खेचेच आहे. सोनाराने भट्टीकडे पाठ केलेली नाही. फुंकून झाले, शिंपडून झाले, आता हात घातला तर बिघडेल हे त्याला कळते, म्हणून तो पाहतो. हाच निकष तुमच्या बागेला लावून बघा. तुम्ही लिहिले आहे की मोहोर करपला तरी मन हलले नाही. पत्रात कलमांची संख्या आहे, पण पावसानंतर त्यांतल्या किती कलमांचा मोहोर वाचला, फवारणी पुन्हा घेतली की नाही, फळपीक विम्याच्या कागदांचे काय झाले, यातले एक अक्षर नाही. कदाचित हे सगळे तुम्ही केले असेल आणि मला सांगण्यासारखे वाटले नसेल. तसे असेल तर बागेच्या बाबतीतली तुमची स्थिरता खरी आहे, आणि मी आनंदाने माघार घेतो. पण पाऊस थांबल्यावर तुम्ही बागेत गेलाच नसाल, तर मन हलले नाही याचे कारण एवढेच, की ते तेथे नव्हते.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मला थोडे लांब लिहावे लागेल. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात रचलेल्या विशुद्धिमग्गात उपेक्षेचे दहा प्रकार मोजले आहेत. (या ग्रंथाच्या चिकित्सक संपादनासाठी हार्वर्डपर्यंत गेलेले धर्मानंद कोसंबी आपल्याच किनाऱ्याचे, गोव्यातील सांखवाळचे, आपल्या भागातल्या साधकांना हे बहुधा ठाऊक नसते म्हणून सांगितले.) दहांपैकी ध्यानातली उपेक्षा एक आणि ब्रह्मविहारातली उपेक्षा दुसरी. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद) आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे इतरांविषयी जोपासायच्या चार वृत्ती, सांगताना बुद्धघोष प्रत्येकाचा एक दूरचा शत्रू सांगतात आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू आसक्ती आणि द्वेष; ते लगेच ओळखता येतात. जवळचा शत्रू म्हणजे 'अञ्ञाणुपेक्खा', अज्ञानातून आलेली उदासीनता, जिला काही दिसतच नाही म्हणून काही वाटत नाही. ती खऱ्या उपेक्षेसारखीच दिसते, तिचेच कपडे घालते, आणि तिला बाहेर काढणे कठीण जाते ते याच कारणाने.

त्याच प्रकरणात एक आई आहे. तिला चार मुलगे : एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यात असलेला आणि एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्हा मोठा व्हावा, आजारी बरा व्हावा, तरुणाचे तारुण्य टिकावे असे तिला वाटते, आणि जो आपले काम आपण सांभाळतो आहे त्याच्याविषयी ती निर्धास्त असते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांचा हा क्रम. आई एकच आहे आणि प्रेमही एकच आहे, पण समोर कोण आहे ते पाहून त्याचे रूप बदलते. फेब्रुवारीतल्या त्या रात्री तुमच्या घरात नुकतीच आई गमावलेली एक मुलगी होती. तुम्ही आजाऱ्याच्या खोलीत कामधंद्याला लागलेल्या मुलाचे औषध घेऊन गेलात. औषध चांगले असेल, पण त्या खोलीतले नव्हते.

यापेक्षाही महत्त्वाची, आणि ध्यानांच्या पायऱ्यांशी थेट जोडलेली, एक गोष्ट बुद्धघोष सांगतात, जी साधकांच्या बोलण्यात मी क्वचितच ऐकली आहे. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या भावनेने पहिल्या तीन ध्यानांपर्यंत जाता येते, चौथे ध्यान मात्र त्यांनी लागत नाही, कारण त्या तिघींत आनंद मिसळलेला असतो. उपेक्षाभावनेने लागते ते एकटे चौथेच ध्यान. पण ही उपेक्षाभावना कोणाला सुरू करता येते? ज्याने आधीच्या तीन भावनांनी तिसरे ध्यान साधले आहे त्याला. मैत्री बाजूला ठेवून उपेक्षेकडे जाणारी आडवाट त्यांनी दाखवलेलीच नाही. म्हणून तुमच्या सहसाधकांचे निदान खरे धरले तरी पत्नीचा आरोप खोटा ठरत नाही. उलट तो अधिक गंभीर होतो, कारण मग 'मैत्री, करुणा आणि मुदिता या मधल्या तीन खोल्या कोठे आहेत?' असे विचारण्याचा तिला पुरता हक्क मिळतो.

शोकाच्या प्रसंगी काही वाटणे म्हणजे साधना ढळणे, ही समजूतही एकदा तपासून घ्या. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या दोन अग्रशिष्यांच्या परिनिर्वाणानंतर बुद्ध गंगेकाठी उक्काचेला येथे भिक्षुसंघासमोर बसले होते. संघाकडे पाहून ते म्हणाले, की ही परिषद मला जणू रिकामी वाटते. त्यांनी शोक केला नाही, विलाप केला नाही, हे त्याच सुत्तात पुढे स्पष्ट आहे. पण जी जागा रिकामी झाली होती तिच्याकडे त्यांनी पाहिले आणि सर्वांदेखत तसे बोलून दाखवले. तुम्ही पडवीत बसून रडायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. "त्यांच्यावाचून घर रिकामे झाले," एवढे वाक्य बोलायला उपेक्षेची आडकाठी नव्हती.

आणि पत्नीचे शब्द तुम्हाला बोचले असतील, तर आपल्या किनाऱ्याची एक जुनी गोष्ट आठवा. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात पूर्ण नावाचा भिक्षू सुनापरान्तात जायला निघतो. सुनापरान्त म्हणजे आपला अपरान्त, सोपाऱ्याच्या बाजूचा प्रदेश, असे अनेक अभ्यासक मानतात. बुद्ध त्याला सांगतात, की तेथली माणसे उग्र आणि कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? पूर्ण म्हणतो, ही माणसे भली आहेत, मला हाताने मारत नाहीत, असे मला वाटेल. हाताने मारले तर? भली आहेत, ढेकळांनी मारत नाहीत. असे काठीपर्यंत, शस्त्रापर्यंत आणि शेवटी प्राण घेण्यापर्यंत प्रश्न जातात. कोकणी माणसाच्या स्वभावाविषयीचा हा अभिप्राय वाचून मला दरवेळी गंमत वाटते. पण लक्ष द्यावे ते पूर्णाच्या उत्तराकडे : आपले मन किती स्थिर आहे हे तो एकदाही सांगत नाही, आणि प्राण घेण्याचा शेवटचा प्रश्न सोडला तर प्रत्येक वेळी समोरच्या माणसाविषयीच बोलतो. तुमच्या पत्रात पत्नीचे वाक्य आल्यावर लगेच तुमच्या ध्यानाची पायरी येते. तिची आई किती दिवस आजारी होती, शेवटी तिची भेट झाली का, त्या रात्री ती जेवली का, हे मला पत्रातून कळले नाही. तिचे बोलणे मोह समजावा का, असे विचारता. मी ते निरीक्षण समजेन. आठ वर्षे रोज दोन तास तुमच्या साधनेला जागा करून देणाऱ्या व्यक्तीने ते नोंदवले आहे.

मग करायचे काय? मैत्रीभावना आसनावर बसून पत्नीपासूनच सुरू करा, असे मी सांगणार होतो, पण विशुद्धिमग्गाने त्याविरुद्ध सावध केले आहे. प्रिय व्यक्तीपासून सुरुवात करावी असे ऐकून एका तरुणाने दार लावून घेतले आणि आपल्या पत्नीविषयी मैत्रीभावना मांडली. तो रात्रभर खोलीच्या भिंतीशी झगडत राहिला, असे तेथे लिहिले आहे. सत्तावन्नाव्या वर्षी भिंतीला तेवढा धोका नसेल, तरी आसनावर सुरुवात रीतीप्रमाणे स्वतःपासून करा, मग एखाद्या आदरणीय गुरुजनांविषयी. पत्नीविषयीची मैत्री चुलीपाशी करा. संध्याकाळच्या बैठकीतला अर्धा तास कमी करा आणि तो वेळ तिच्याजवळ बसा. तिच्या आईविषयी विचारा. ती बोलली तर ऐका. ती बोलताना तुमच्या छातीत, घशात काय होते ते तुमच्या साधनेच्या पद्धतीनेच पाहा, आणि तेथे काहीच होत नसेल तर तेही पाहा. हे साधनेतून सुट्टी घेणे नव्हे, कारण संवेदना पाहायला शिकलात ती अशाच वेळेसाठी. ती बोलली नाही तर गप्प बसा, पण तेथेच. अनित्य, कर्म, मोह हे शब्द तेवढ्या वेळात उच्चारू नका.

राहिला महिनाभराच्या शिबिराचा प्रश्न. अंगुत्तरनिकायात एक अडाणी डोंगरी गाय आहे. न चाखलेले गवत खायच्या ओढीने ती पुढचा पाय पक्का रोवण्याआधीच मागचा उचलते, आणि मग तिला पुढेही जाता येत नाही व होती तेथे सुखरूप परतताही येत नाही. आपल्या सड्यावर गुरे राखलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. पहाटेची पेंग आधी आवरा, मग लांबच्या शिबिराचे बघू. शिवाय जानेवारीचा मध्य म्हणजे बागेत मोहोराला आणि कणीला जपण्याचे दिवस, हे मी तुम्हाला सांगायचे कारण नाही. पावसाळ्यात काम हलके असते तेव्हा दहा दिवसांचे शिबिर पुन्हा एकदा करा, आणि बैठकीत भान हरपते ही गोष्ट तेथल्या आचार्यांना न लाजता सांगा, सहसाधकांना नको.

वर्षश्राद्धाचे कार्य भावांकडे असले, तरी त्या दिवशी तिला माहेरी एकटीला जावे लागू नये. तिथी कोणत्या दिवशी येते ते आजच तिला विचारून घ्या, आणि गाडीची व्यवस्था तुम्ही करा.